बाल्टिक वीजजाळ्याचे युरोपीय समक्रमण

बाल्टिक वीजजाळ्याचे समक्रमण म्हणजे एस्टोनिया, लात्व्हिया व लिथुएनिया या तीन देशांनी आपली वीजव्यवस्था रशिया व बेलारूसच्या जाळ्यापासून तोडून खंडीय युरोपच्या जाळ्याला जोडण्याची प्रक्रिया होय. ८ फेब्रुवारी २०२५ रोजी जुने दुवे तोडण्यात आले आणि ९ फेब्रुवारी रोजी पोलंडमार्गे नवी जोडणी पूर्ण झाली. एका प्रदेशाने वैरभाव बाळगणाऱ्या शेजाऱ्यावरील ऊर्जा-अवलंबित्व मित्रदेशांच्या साहाय्याने संपवल्याचे हे अलीकडचे ठळक उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी

तिन्ही देशांची वीजव्यवस्था सोव्हिएत काळात संघराज्याच्या वायव्य भागाचा एक घटक म्हणून उभारली गेली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. तारा मात्र जागच्या जागी राहिल्या. ७ फेब्रुवारी २००१ रोजी झालेल्या करारान्वये बेलारूस, रशिया, एस्टोनिया, लात्व्हिया व लिथुएनिया यांचे एक वर्तुळाकार जाळे चालवण्याचे ठरले. या पाच देशांच्या आद्याक्षरांवरून ते ‘ब्रेल’ या नावाने ओळखले जाते. २००४ मध्ये तिन्ही बाल्टिक देश युरोपीय संघाचे व नाटोचे सदस्य झाले, परंतु त्यांच्या विजेची वारंवारता त्यानंतरही दोन दशके मॉस्कोतूनच नियंत्रित होत होती.

ऊर्जेचा वापर दबावासाठी होऊ शकतो, याचा अनुभव लिथुएनियाला स्वातंत्र्याच्या घोषणेबरोबरच आला. मार्च १९९० मधील घोषणेनंतर एप्रिलमध्ये सोव्हिएत सरकारने देशाचा तेलपुरवठा बंद केला व वायूपुरवठ्यात मोठी कपात केली. ही नाकेबंदी सुमारे अडीच महिने चालली. पुढे जुलै २००६ मध्ये द्रुझ्बा तेलवाहिनीची लिथुएनियाकडे जाणारी शाखा गळतीचे कारण देऊन बंद करण्यात आली आणि ती पुन्हा सुरू झालीच नाही. मजेइकियाई येथील तेलशुद्धीकरण कारखाना तेव्हा पोलंडच्या ऑर्लेन कंपनीकडे जाण्याच्या वाटेवर होता.

इग्नालिना अणुवीज केंद्र बंद करणे ही युरोपीय संघाच्या सदस्यत्वाची अट होती. तेथील दोन अणुभट्ट्या अनुक्रमे २००४ व २००९ च्या अखेरीस थांबवण्यात आल्या. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीय असला, तरी त्यामुळे वीज निर्यात करणारा लिथुएनिया मोठ्या प्रमाणावर आयात करू लागला. म्हणजे युरोपच्या जवळ जाण्याच्या पहिल्या पावलाने काही काळ रशियावरील अवलंबित्व वाढवलेच.

वारंवारतेचा प्रश्न

विजेची आयात थांबवली की अवलंबित्व संपते, हा समज अपुरा आहे. एका समकालिक जाळ्यातील सर्व जनित्रे एकाच लयीत, सेकंदाला ५० आवर्तने या वेगाशी जुळवून फिरतात. मागणी वाढली की वारंवारता उतरते, निर्मिती जास्त झाली की चढते. हा तोल क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. ब्रेल वर्तुळात हे काम प्रामुख्याने रशियातील मोठी वीजकेंद्रे करीत. मे २०२२ मध्ये तिन्ही देशांनी रशियाकडून वीज विकत घेणे थांबवले. त्यानंतर खरेदी शून्य होती, परंतु लय अजून मॉस्कोचीच होती. रशियाने अचानक दुवे तोडले असते तर पुरेशा तयारीअभावी व्यापक अंधार होण्याचा धोका होता, आणि खर्चाचा सर्वांत मोठा भाग हा धोका दूर करण्यावरच झाला.

भारतातील वाचकास याची कल्पना दक्षिणेच्या जाळ्यावरून येऊ शकते. पश्चिम व दक्षिण विभागांची जाळी अनेक वर्षे समकालिक नव्हती. त्यांच्यातील विजेची देवाणघेवाण चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथील उच्चदाब एकदिश प्रवाहाच्या केंद्रातून होई. अशा केंद्रातून वीज जाते, लय जात नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली, तेव्हा संपूर्ण देश एका वारंवारतेवर आला. लिथुएनियातील आलितुस येथील केंद्र २०१५ पासून भद्रावतीसारखेच काम करीत होते. २०२५ मध्ये तेथे रायचूर–सोलापूरसारखी घटना घडली. फरक इतकाच की भारतात जोडणीपूर्वी कोणाशी फारकत घ्यावी लागली नव्हती.

मित्रदेशांशी जोडण्या

फिनलंड व एस्टोनिया यांच्यातील समुद्राखालची एस्टलिंक–१ ही केबल २००६ मध्ये, तर ६५० मेगावॉट क्षमतेची एस्टलिंक–२ ही २०१४ मध्ये कार्यान्वित झाली. लिथुएनिया–पोलंड व लिथुएनिया–स्वीडन या जोडण्या २०१५–१६ च्या सुमारास सुरू झाल्या.

वायूच्या बाबतीत २०१४ पर्यंत रशियाची गॅझप्रोम ही एकमेव पुरवठादार होती. २७ ऑक्टोबर २०१४ रोजी क्लाइपेडा बंदरात ‘इंडिपेंडन्स’ हे जहाज दाखल झाले. तेव्हा नॉर्वेजियन कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या या जहाजावर द्रवरूप नैसर्गिक वायू साठवून पुन्हा वायुरूपात आणला जातो. विशेष म्हणजे जहाज पोहोचण्याआधीच, मे २०१४ मध्ये, गॅझप्रोमने लिथुएनियासाठीचा दर कमी केला होता; पर्याय दृष्टिपथात येणे एवढेच सौदेबाजीस पुरे ठरले. एप्रिल २०२२ मध्ये रशियन वायूची आयात पूर्ण थांबवणारा लिथुएनिया हा युरोपीय संघातील पहिला देश ठरला.

हे सहकार्य नेहमी सुरळीत नव्हते. सामाईक वायू टर्मिनल कोठे असावे यावर तिन्ही देशांचे एकमत झाले नाही, म्हणून लिथुएनियाने स्वतःचे उभारले. व्हिसागिनास येथे संयुक्त अणुवीज केंद्र उभारण्याची योजना २०१२ च्या सार्वमतात लिथुएनियाच्या मतदारांनी नाकारल्यावर मागे पडली. समक्रमण पोलंडमार्गे करावे की नॉर्डिक जाळ्याशी, हाही काही काळ वादाचा विषय होता. २८ जून २०१८ रोजी ब्रुसेल्समध्ये तिन्ही देश, पोलंड व युरोपीय आयोग यांनी पोलंडच्या मार्गावर शिक्कामोर्तब केले. मुदत २०२५ ची अखेर होती. युक्रेनवरील आक्रमणानंतर लिथुएनियाने ती २०२४ वर आणण्याचा आग्रह धरला, एस्टोनियास ती घाई धोक्याची वाटली. ऑगस्ट २०२३ मध्ये फेब्रुवारी २०२५ वर तडजोड झाली.

प्रकल्पाचा एकूण खर्च सुमारे १.६ अब्ज युरो असून त्यातील सुमारे तीन चतुर्थांश वाटा युरोपीय संघाने उचलला. जाळ्याला जडत्व देणारी सिंक्रोनस कंडेन्सर यंत्रे प्रत्येक देशात तीन याप्रमाणे योजण्यात आली. इंधन न जाळता फिरत राहणारी ही अवजड यंत्रे वारंवारतेतील आकस्मिक चढउतार सौम्य करतात. लिथुएनियाने याशिवाय एकूण २०० मेगावॉट क्षमतेची बॅटरी साठवण केंद्रे उभारली.

तोडणी व जोडणी

एप्रिल २०२३ मध्ये लिथुएनियाने आपले जाळे काही तास एकटे चालवून पाहिले. जुलै २०२४ मध्ये ब्रेल कराराचे नूतनीकरण न करण्याची नोटीस देण्यात आली. ८ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी लिथुएनिया, लात्व्हिया व शेवटी एस्टोनियाने रशिया आणि बेलारूसकडील वाहिन्या बंद केल्या. त्यानंतर सुमारे २९ तास तिन्ही देशांचे जाळे कोणत्याही मोठ्या जाळ्याच्या आधाराविना चालले. ९ फेब्रुवारी रोजी स्थानिक वेळेनुसार दुपारी २ वाजून ५ मिनिटांनी ते पोलंडमार्गे खंडीय युरोपशी समकालिक झाले. वीजपुरवठा कोठेही खंडित झाला नाही.

रशियाचा कालिनिनग्राद प्रदेश याच दुव्यांनी मुख्य भूमीशी जोडलेला होता. रशियाने तेथे आधीच वायूवरील नवी वीजकेंद्रे उभारली असल्यामुळे तो प्रदेश आता स्वतंत्रपणे चालतो.

नवे धोके

समक्रमण सध्या आलितुस ते पोलंडमधील एल्क या एकाच दुहेरी वाहिनीवर अवलंबून आहे; दुसरा भूमार्ग नियोजित आहे. समुद्राखालील दुवेही नाजूक आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड–एस्टोनिया वायुवाहिनी जहाजाच्या नांगरामुळे निकामी झाली. समक्रमणाला सहा आठवडे उरले असताना, २५ डिसेंबर २०२४ रोजी, एस्टलिंक–२ तुटली. फिनलंडने ‘ईगल एस’ हे तेलवाहू जहाज ताब्यात घेतले, मात्र हेलसिंकीच्या जिल्हा न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अधिकारक्षेत्राच्या कारणावरून खटला फेटाळला. जानेवारी २०२५ पासून नाटोची ‘बाल्टिक सेंट्री’ ही गस्तमोहीम या समुद्रात सुरू आहे.

पूर्वी रशियातील केंद्रे पुरवीत असलेली राखीव क्षमता आता तिन्ही देशांना बाजारातून विकत घ्यावी लागते, आणि तिचा खर्च वीजग्राहकांवर पडतो.