मुद्रित पुस्तकापासून ऑनलाइन अभ्यासक्रमापर्यंत : सातत्यपूर्ण मूल्यमापनाचा प्रश्न

प्रस्तावना : राज्य विधिमंडळाच्या कायद्यान्वये १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद स्वीकारलेल्या या विद्यापीठापुढे आरंभापासून एक प्रश्न होता : समोर नसलेल्या विद्यार्थ्याला विषय समजला की नाही, हे शिक्षकाने कसे ओळखावे?

मुद्रित माध्यमाची मर्यादा : वर्गातील शिक्षक विद्यार्थ्यांचे चेहरे पाहून उदाहरण बदलतो. दूरशिक्षणात हे कार्य विभागले गेले. लेखक-संपादकांनी स्वयंअध्ययन पुस्तके सिद्ध केली, तर अभ्यासकेंद्रांवरील संपर्कसत्रांत समंत्रकांनी शंकानिरसन केले. विद्यार्थ्याची अडचण प्रथम समंत्रकास कळे. मजकूर मात्र त्याच्या हाती नसे आणि छापलेले पुस्तक नव्या आवृत्तीपर्यंत तसेच राही.

वैचारिक आधार : आकारिक व संकलित मूल्यमापन हा भेद मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडला, तो मुळात अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासंदर्भात. पुढे तो प्रामुख्याने विद्यार्थ्यांनाच लावला गेला. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये व्यावसायिकाच्या कृती करतानाच्या व कृतीनंतरच्या चिंतनाचे महत्त्व प्रतिपादन केले. अध्यापनास हे दोन्ही विचार एकत्रितपणे लागू पडतात.

ऑनलाइन अध्यापन : २०१७ मध्ये ‘स्वयम्’ व्यासपीठ सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी ऑनलाइन अभ्यासक्रमांत चर्चामंच व स्वयंमूल्यमापन यांना स्थान दिले, तसेच अंतर्गत गुणवत्ता हमी केंद्र आवश्यक ठरविले. आता पाठ त्याच आठवड्यात दुरुस्त करता येतो. विद्यार्थी कोठे थांबला, हे संगणकीय नोंदींतून दिसते. का थांबला, हे मात्र त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. सत्रान्ती भरून घेतलेल्या अभिप्रायाचा लाभ तो देणाऱ्या विद्यार्थ्यास होत नाही आणि मध्येच अभ्यासक्रम सोडणाऱ्याचा अभिप्राय बहुधा येतच नाही. वस्तुतः अभ्यासक्रमाचा दोष त्यालाच अधिक जाणवलेला असतो.

समारोप : म्हणून प्रत्येक घटकानंतर एखादा नेमका प्रश्न, शिक्षकाची चिंतन-नोंदवही आणि पुढील घटकापूर्वी केलेला बदल ही साखळी आवश्यक ठरते. या नोंदी शिक्षकाच्या गुणांकनासाठी वापरल्या गेल्यास तो उणिवा लिहिणार नाही. समंत्रकाचे कान आणि लेखकाची लेखणी आता एकाच शिक्षकाच्या ठायी येऊ शकतात. त्यासाठी वेळ व विश्वास देणे ही संस्थेची जबाबदारी होय.