डांकवाल्याचा टप्पा

वसईच्या खाडीवर भाईंदर आणि नायगांव यांना जोडणारे रेल्वेचे पूल आहेत व त्यांच्या मध्यें पाणजूचें बेट आहे. १८६७ सालच्या एप्रिल महिन्यांत विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी निघाली, ती याच खाडीवरून गेली. तेव्हांपासून या भागांतील माणसें, भाजी, फुलें, केळीं, मासळी हीं सर्व रोज पहाटे मुंबईकडे जात आलीं. मुंबईकडून इकडे येणारा माल मात्र पुष्कळ वर्षें बेताचाच होता. आतां हा ओघ उलटला आहे. मिठागरें व कोळीवाडा यांच्या या गांवाच्या पूर्वेस जूचंद्रापासून बापाण्यापर्यंत उंच इमारतींच्या रांगा उठल्या आहेत. आणि या इमारतींच्या दाराशीं दिवसभर दुचाकी गाड्या थांबत असतात. गाडीवाल्याच्या पाठीवर त्याच्या धडाएवढी पिशवी असते, हातांत पत्ता दाखविणारा फोन असतो, आणि वर कितव्या मजल्यावर जावयाचें हा त्याच्यापुढचा नित्याचा प्रश्न असतो.

हा धंदा अगदीं नवा आहे, अशी समजूत आहे. ती खरी नाहीं. दुसऱ्याची वस्तू वेळेवर तिसऱ्याच्या हातीं देण्यावर पोट भरणारा मनुष्य महाराष्ट्रांत फार जुना आहे. त्याच्या दिवसाची लांबी कोण ठरवितो, एवढीच गोष्ट काळाबरोबर बदलत गेली.

नायगांवच्या पश्चिमेस थोड्या अंतरावर वसईचा किल्ला आहे. १७३७ पासून १७३९ च्या मे महिन्यापर्यंत चाललेल्या वसईच्या मोहिमेंत तोफा, दारूगोळा आणि सुरुंग यांचें वर्णन पुष्कळ झालें आहे. पण ही मोहीम जशी शिपायांनीं लढली तशीच ती जासुदांनींही चालविली. चिमाजी आप्पांच्या छावणींतून पुण्यास पत्र जावयाचें म्हणजे खाड्या ओलांडून, घाट चढून जावें लागे. जासूद बहुधा जोडीनें पाठवीत; एक आजारी पडला, पकडला गेला किंवा नदींत वाहून गेला, तर दुसऱ्यानें तरी कागद पोंचवावा, हा त्यांतला सरळ हिशेब. सरकारी जासुदांखेरीज सावकारांचे कासीद असत आणि त्यांना दर खेपेस ठरलेला मोबदला मिळे; त्यास अजुरा म्हणत. पानिपतच्या पराभवाची पहिली बातमी नानासाहेब पेशव्यांस १७६१ च्या जानेवारींत भेलशाजवळ मिळाली, ती सरकारी बातमीदारांकडून नव्हे, तर अशाच एका सावकारी पत्रावरून. मोत्यें आणि मोहोरा यांच्या सांकेतिक भाषेंत लिहिलेलें तें पत्र इतिहासांत अमर झालें. तें वाहून आणणाराचें नांव मात्र कोणास ठाऊक नाहीं!

इंग्रजी अमलांत डांकेस शिस्त आली. १८३७ च्या कायद्यानें टपाल सर्वांस खुलें झालें, आणि १८५४ पासून पाव तोळा वजनाचें पत्र अर्ध्या आण्यांत, अंतर कितीही असो, जाऊं लागलें. या स्वस्ताईचा भार हरकाऱ्याच्या पायांवर होता. हातांत घुंगुरकाठी, खांद्यावर थैली, आणि रात्रीच्या वेळीं रानाच्या वाटेनें सोबतीस मशालजी, असें त्याचें रूप होतें. जड सामानाची डांक वेगळी असे, तिला बांगी म्हणत. खांद्यावरच्या कावडीवरून तें नांव पडलें. आजच्या पार्सलाचा मूळपुरुष तो हाच. हरकाऱ्याच्या शौर्याची वाखाणणी करणाऱ्या साहेबलोकांपैकीं त्याच्या पगाराची चौकशी करणारे विरळा. तथापि त्याच्या कामांत एक गोष्ट होती, जी पुढें हळूहळू नाहींशी झाली. ती म्हणजे टप्पा. साधारण पांच ते आठ मैल धांवल्यावर दुसरा हरकारा उभा असे. थैली त्याच्या हातीं दिली कीं पहिल्याचें काम संपलें. पुढची नदी, पुढचा घाट, पुढचा वाघ हे सर्व पुढच्याचे. काम कष्टाचें होतें, धोक्याचेंही होतें, पण त्याला शेवट होता व तो शेवट कोठें आहे हें धांवणाऱ्यास निघण्यापूर्वींच ठाऊक असे.

रेल्वेनें लांबचे टप्पे खाल्ले. १८७७ त व्ही. पी. ची पद्धत आणि १८८० त मनिऑर्डर सुरू झाली, आणि टपालवाला पत्रांबरोबर पैसाही वाहूं लागला. माल दारांत आल्यावर पैसे मोजण्याची आजची रीत ही त्या व्ही. पी. चीच नात होय. गिरणगांवांतून रत्नागिरीच्या खेड्यांत जाणाऱ्या मनिऑर्डरीवर कोंकणांतलीं कित्येक घरें चालत. पोस्टमन पैसे मोजी, पत्र वाचून दाखवी, उत्तरही लिहून देई. त्यास मान होता, वर्दी होती. पण मानावर संसार चालत नाहीं. महायुद्धानें धान्याचे भाव चढविले आणि ११ जुलै १९४६ रोजीं पोस्टमन व खालच्या श्रेणीचे टपाल नोकर यांनीं देशभर संप पुकारला. २२ जुलैस त्यांच्या पाठिंब्यासाठीं मुंबईंतल्या कामगारांनींही काम बंद ठेवलें. ज्या लोकांचीं पत्रें व मनिऑर्डरी अडल्या, त्यांनींच संपवाल्यांची बाजू घ्यावी, ही गोष्ट साधी नव्हे. दारावर रोज येणारा मनुष्य ओळखीचा असला म्हणजे असें घडतें.

यापेक्षां निराळा एक मार्ग मुंबईंतच निघाला होता. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं सुमारें शंभर माणसें जमवून घरचें जेवण कचेरींत पोंचविण्याचा धंदा संघटित केला. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगांव या भागांतील हे डबेवाले. यांचें काम अंगमेहनतीचें : चाळीसएक डबे मावतील असा लांकडी खोका डोक्यावर, गाडी स्थानकांत थांबते तेवढ्या क्षणांत तो चढवावयाचा, आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वीं डबा टेबलावर हजर. मग रिकामा डबा परत त्याच मार्गानें घरीं. सकाळीं नऊ वाजतां निघालेला मनुष्य संध्याकाळीं मोकळा होतो. तरीहि पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांतली मुलें या धंद्यांत येत राहिलीं, याचें कारण शोधण्यासाठीं अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठांतले पंडित येथें आले. त्यांनीं अचूकपणाचें कौतुक केलें. खरें कारण बहुधा अधिक साधें असावें. डबेवाला कोणाचा नोकर नाहीं. मुकादमाच्या हाताखालीं एक टोळी, टोळीचें उत्पन्न एक, आणि खर्च वजा जातां वांटणी सारखी. एक डबा तीनचार हातांतून जातो, म्हणजे येथें हरकाऱ्याचा टप्पा जिवंत आहे. गांवच्या जत्रेसाठीं उन्हाळ्यांत सगळे मिळून कांहीं दिवस सुट्टी घेतात आणि सबंध मुंबईला तेवढे दिवस डब्यावांचून राहावें लागतें. सुट्टी मागावयाची नाहीं, जाहीर करावयाची! १९५६ त त्यांची विश्वस्त संस्था स्थापन झाली. २०२० च्या मार्चमध्यें लोकल गाड्या थांबल्या तेव्हां मात्र या सुंदर व्यवस्थेचा कमकुवतपणा उघडा पडला. गिऱ्हाईक घरीं बसलें आणि वांटणीस कांहीं उरलें नाहीं. कित्येक गांवीं गेले, आणि त्यांची संख्या बरीच घटली.

ज्या वर्षीं डबेवाल्यांनीं आरंभ केला त्याच वर्षीं, १० जून १८९० रोजीं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें गिरणीकामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. तेथून कामाच्या तासांचा इतिहास पुढें सरकतो : कारखान्यांसाठीं १९२२ त आठवड्यास साठ तास, १९३४ त चौपन्न, १९४८ त अठ्ठेचाळीस. दुकानें व कचेऱ्या यांच्यासाठीं मुंबई प्रांतानें १९३९ त कायदा केला. मोटार चालविणारांसाठीं १९६१ च्या केंद्रीय कायद्यानें दिवसास आठ तासांची मर्यादा घातली होती. या सर्व कायद्यांचा पाया एक आहे : कोणी तरी मालक आहे आणि कोणी तरी त्याचा नोकर आहे. हा पाया काढला कीं वरची इमारत अधांतरीं राहते.

नायगांवच्या जिन्यांवरून चढणाऱ्या तरुणाच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें आहे. पुष्कळ कंपन्या त्याला नोकर म्हणत नाहींत, भागीदार म्हणतात. डबेवाल्यांच्या टोळींत भागीदार म्हणजे वांटणीचा धनी. येथें भागीदार म्हणजे ज्याची दुचाकी स्वतःची, पेट्रोल स्वतःचें, पंक्चर स्वतःचें, आणि मजुरी दर पार्सलामागें, तो. जुना अजुराच नव्या रूपानें परत आला, पण बरोबर जोडीदार आला नाहीं आणि टप्पाही आला नाहीं. दहा पार्सलें संपलीं म्हणजे फोनवर अकरावें दिसतें. तें घेणें न घेणें त्याच्या खुषीवर आहे, असें सांगितलें जातें. गाडीचा हप्ता मात्र त्याच्या खुषीवर नसतो. म्हणून बारा बारा तासांचे दिवस पडतात, आणि ते दिवस कोणत्याही हजेरीपटावर चढत नाहींत.

असें असतांही या कामांत सर्वच असंतुष्ट आहेत असें म्हणणें अन्यायाचें होईल. डोक्यावर साहेब नाहीं, एका जागीं बसावें लागत नाहीं, केलेल्या कामाचे पैसे लवकर दिसतात, हीं कारणें खरीं आहेत आणि गिरणींतल्या शिट्टीखालीं आयुष्य गेलेल्या बापास तीं पटतातही. नीति आयोगाच्या २०२२ च्या अहवालांत अशा कामगारांची संख्या २०२०–२१ या वर्षीं सत्त्याहत्तर लक्ष मानली आहे; इतके लोक केवळ नाइलाजानेंच तेथें आहेत असें नव्हे. खटका आहे तो उभें राहण्यांत जाणाऱ्या वेळाबद्दल. गोदामांत माल मिळेपर्यंत थांबणें, बंद लिफ्टपाशीं थांबणें, न उघडणाऱ्या दारापुढें थांबणें, या वेळेची मजुरी कोणत्याच दरांत धरलेली नाहीं.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें या कामगारांस प्रथमच कायद्यांत नांव दिलें. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली. कंपन्यांनीं उलाढालीच्या शेंकडा एक ते दोन इतका वांटा त्यांच्या कल्याणनिधींत घालावा, अशी तींत तरतूद आहे. अपघात, आजार, म्हातारपण यांचा तींत विचार आहे. दिवस किती तासांचा असावा, याबद्दल या भागीदारांसाठीं ती मौन धरते. राजस्थाननें २०२३ त व कर्नाटकानें २०२५ त स्वतंत्र कायदे केले. पावसाळ्यांत चिंचोटी–कामण मार्गाची चाळण झाली कीं भिवंडीच्या बाजूनें येणारा माल उशिरां येतो आणि तो त्या दिवशींच वांटला जावा अशी अपेक्षा मात्र असते. अशा दिवशीं जूचंद्राच्या इमारतींत रात्रीं उशिरां दाराची घंटा वाजते, तेव्हां बाहेर उभा असलेला मनुष्य सकाळपासून फिरत असतो, आणि परत आलेलीं पार्सलें मोजून देण्याचें काम त्याच्यापुढें अद्याप शिल्लक असतें.