काशी किती दूर?

काशी महाराष्ट्रापासून किती दूर आहे, या प्रश्नाचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात सापडते, तसे ते इतिहासातही शोधावे लागते. मुंबई आणि वाराणसी या दोन विमानतळांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे १,२५० किलोमीटर आहे. विमान ते साधारण सव्वादोन तासांत कापते. बाबतपूरच्या विमानतळापासून दशाश्वमेध घाट आणखी सुमारे २५ किलोमीटर. सकाळी मुंबई सोडलेला मनुष्य संध्याकाळच्या गंगारतीस घाटावर सहज उभा राहू शकतो.

आपल्या पूर्वजांचा हिशेब निराळा होता. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली पुण्याहून काशीयात्रेस निघाल्या, त्या १७३६ साली परतल्या. पेशव्यांच्या मातेची ही कथा, मग सामान्य गृहस्थाचे काय? पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी पोचले, तोवर वर्षे लोटली होती. त्यांचा 'माझा प्रवास' वाचताना अंतर म्हणजे काय, हे कळते. सोडमुंजीत बटू काशीस निघतो आणि मामा मुलगी देऊ करून त्यास अडवितो. आज आपण त्यास विनोद समजतो. परंतु काशीस गेलेला मुलगा परत येईलच, अशी खात्री तेव्हा कोण देणार?

या दुरावस्थेने एक विलक्षण गोष्ट घडविली. जो इतक्या कष्टाने पोचला, तो पुष्कळदा तेथेच राहिला. पैठणहून सोळाव्या शतकात काशीस गेलेल्या भट्ट घराण्याने तेथे विद्येची गादी निर्माण केली. त्याच घराण्यातील गागाभट्ट १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. पुढे मराठी धन काशीच्या पाषाणांत उतरले. दशाश्वमेध घाटाचे बांधकाम अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात झाले, असे सांगतात. अहिल्याबाई होळकरांनी तो पुढे वाढविला. विश्वेश्वराचे आजचे मंदिरही त्यांनीच १७८० साली पूर्ण करविले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी घरांची वस्ती वाढली.

मग आगगाडी आली. १८७० साली जबलपूर येथे दोन लोहमार्ग जोडले गेले आणि मुंबईहून गंगेच्या पैलतीरापर्यंत गाडीने जाता येऊ लागले. काशीजवळचा गंगेवरील पूल १८८७ साली खुला झाला. महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. वृद्ध माणसे यात्रा करून सुखरूप घरी परतू लागली. हा लाभ लहान नव्हे. गरिबासही काशी दिसू लागली.

श्रोतेहो, जुन्या कष्टांची वाखाणणी करण्यात शहाणपण नाही. पटकी, ठग आणि उपासमार यांनी किती यात्रेकरू वाटेतच संपविले! मात्र अंतर मिटले, म्हणजे संबंध आपोआप जुळतो असेही नाही. पूर्वीचा यात्रेकरू वाटेत नर्मदा ओलांडी, बुंदेली बोली कानी साठवी, अनोळखी गावात पाणी मागे. विमानातून हा देश ढगांखाली निघून जातो. म्हणून काशीस जाणाऱ्याने दशाश्वमेधावर एखादा दिवस अधिक मुक्काम करावा, पायऱ्यांवरून चालत मराठी वस्तीपर्यंत जावे आणि तेथील वृद्धांशी बोलावे. प्रवासात वाचलेल्या महिन्यांपैकी एवढा एक दिवस त्या नगरीला देणे काही फार नाही.