मुंबईची क्षितिजरेषा : छायाचित्राच्या चौकटीत आणि चौकटीबाहेर

आकाशाच्या पार्श्वभूमीवर उमटणारी शहराची बाह्यरेषा म्हणजे त्या शहराची क्षितिजरेषा. ‘स्कायलाइन’ हा इंग्रजी शब्दही आता मराठीत रुळला आहे. न्यूयॉर्क वा हाँगकाँगची ही रेषा एका दृष्टिक्षेपात ओळखता येते. मुंबईचे तसे नाही. येथील मनोरे एके ठिकाणी एकवटलेले नसून नरिमन पॉइंट, ताडदेव, वरळी, परळ असे विखुरलेले आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी चाळी, कोळीवाडे व झोपडपट्ट्या आहेत. २०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती व त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. त्यामुळे मुंबईच्या छायाचित्रात आभाळ किती घ्यावे यापेक्षा जमीन किती घ्यावी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. चौकटीची खालची कड कोठे ठेवली, यावर कोणती मुंबई दिसणार हे अवलंबून असते.

रेषा कशी घडली?

मुंबईत छायाचित्रणकला फार लवकर आली. येथील फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ साली झाली. डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळातील आद्य भारतीय छायाचित्रकारांपैकी होत. म्हणजे कोटाच्या भिंती पडण्यापूर्वीच शहराची नोंद कॅमेऱ्यात होऊ लागली होती. १८७८ मध्ये पूर्ण झालेला सुमारे ८५ मीटर उंचीचा राजाबाई टॉवर हा त्या काळातील क्षितिजावरचा सर्वोच्च बिंदू होता. त्यानंतरच्या दशकात व्हिक्टोरिया टर्मिनस उभे राहिले. १९३०-४०च्या दशकांत समुद्र हटवून मिळालेल्या जमिनीवर मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती आल्या. नरिमन पॉइंटला १९७४ मध्ये एअर इंडियाची इमारत, तर फोर्टमध्ये १९८० मध्ये शेअर बाजाराचा मनोरा उभा राहिला.

पुढचा बदल गिरणगावाने पाहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाला वाट करून दिली. २००१च्या दुरुस्तीने ती वाट रुंद झाली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. लोअर परळचा २८० मीटर उंचीचा ‘वर्ल्ड वन’ श्रीनिवास मिलच्या जमिनीवर उभा आहे. ताडदेवचे ‘इम्पीरियल’ हे साठ मजली जुळे मनोरे झोपडपट्टी पुनर्वसनातून मोकळ्या झालेल्या जागेवर आहेत. या योजनेत झोपडीधारकांना घरे विनामूल्य मिळतात व त्यांचा खर्च विकासक विक्रीच्या घरांतून वसूल करतो. मनोरा आणि झोपडी यांचा शेजार म्हणूनच केवळ योगायोग नाही; अनेक ठिकाणी एकाच नियमाने दोन्हींचे भवितव्य ठरवले आहे.

या रेषेतील सखल भागांनाही कारणे आहेत. विमानतळाच्या परिसरात इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. फोर्टमधील वास्तूंना १९९५च्या वारसा नियमावलीचे संरक्षण मिळाले, त्यामुळे तेथील शिखरे व घुमट आजही आभाळात स्पष्ट दिसतात.

कोठे उभे राहावे?

मलबार हिलवरील कमला नेहरू उद्यानातून मरीन ड्राइव्हचा संपूर्ण बाक दिसतो आणि मावळतीचे ऊन इमारतींच्या दर्शनी भागावर पडते. हे मुंबईचे सर्वांत परिचित छायाचित्र आहे. त्यात विषमतेचा मागमूस नसतो. वांद्र्याच्या किल्ल्यावरून २००९ मध्ये खुला झालेला सागरी सेतू आणि त्यामागे वरळीचे मनोरे दिसतात. वरळी कोळीवाड्याच्या बाजूने पाहिल्यास त्याच सेतूच्या पुढ्यात होड्या आणि वाळत घातलेली मासळी येते. महालक्ष्मी स्थानकालगतच्या पुलावरून धोबीघाटाचे हौद आणि मागचे मनोरे एकाच चौकटीत मावतात. मिठी नदीच्या एका तीरावर धारावी, तर दुसऱ्या तीरावर वांद्रे-कुर्ला संकुल आहे. पूर्व किनारा पाहायचा तर गेटवेहून निघणाऱ्या बोटीत बसावे. सकाळचे ऊन गेटवे व ताजमहाल हॉटेलवर समोरून पडते.

ऋतू आणि प्रकाश

पावसाची मोठी सर ओसरल्यानंतरचा तास सर्वोत्तम, कारण हवेतील धूळ धुऊन निघालेली असते. डिसेंबर ते फेब्रुवारीत थंड हवेचा थर जमिनीलगत साचून धुरके अडकते आणि दूरच्या इमारती फिकट होतात. ते टाळण्यापेक्षा पुढे चाळ, मागे मनोरा अशी खोली दाखवण्यासाठी त्याचा उपयोग करता येतो. मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस माध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी इमारतींचे उठाव नाहीसे होतात. सूर्यास्ताची जागाही वर्षभर सरकते. जूनमध्ये ती पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेस, तर डिसेंबरमध्ये तितकीच दक्षिणेस असते. सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटे आकाशाचा निळा उजेड आणि खिडक्यांतील दिवे यांचा तोल साधतो. तेव्हा तिपाई लावून, संवेदनशीलता किमान ठेवून काही सेकंदांचे छायाचित्रण करावे.

भिंगाचा खरेखोटेपणा

दूर उभे राहून लांब पल्ल्याचे भिंग लावले की मधले अंतर आकुंचन पावते. किलोमीटरभर दूर असलेला मनोरा झोपडीच्या छपराला टेकलेला भासतो. जवळ जाऊन रुंद कोनाचे भिंग लावल्यास छप्पर अवाढव्य आणि मनोरा किरकोळ वाटतो. दोन्ही छायाचित्रे खरीच, परंतु दोन्हींत निवड आहे. छायाचित्रकाराने आपण कोठून व किती अंतरावरून टिपले हे छायाचित्राखाली नोंदवले, तर पाहणाऱ्याची फसगत होत नाही.

कायदा आणि संमती

कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२ नुसार वास्तूचे छायाचित्र काढणे वा प्रसिद्ध करणे हा हक्कभंग ठरत नाही. मात्र ताजमहाल हॉटेलच्या बाह्यरूपाची २०१७ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली असल्याने व्यापारी वापरापूर्वी परवानगीचा विचार करावा. ड्रोनसाठी २०२१ची नियमावली लागू आहे. विमानतळ व नौदलाच्या परिसरामुळे शहराचा मोठा भाग निर्बंधांखाली येतो आणि पोलिसांचे बंदी आदेशही वेळोवेळी निघतात. ड्रोनचित्रांनी विषमता किती ठळक दिसते, हे जॉनी मिलर यांच्या ‘अनइक्वल सीन्स’ या दक्षिण आफ्रिकेत सुरू होऊन मुंबईपर्यंत आलेल्या प्रकल्पाने दाखवले आहे. तथापि, उंचावरून माणसे दिसत नाहीत. वस्तीच्या गच्चीवरून वा गल्लीतून टिपायचे असल्यास तेथील रहिवाशांना आधी विचारणे हे कायद्याने सांगण्याची गोष्ट नव्हे.

एक जागा, अनेक वर्षे

एका छायाचित्रात विरोधाभास दिसतो. तो कसा घडला हे मात्र दिसत नाही. त्यासाठी एकाच ठिकाणाहून, त्याच दिशेने, त्याच भिंगाने दरवर्षी छायाचित्र काढण्याची पद्धत उपयोगी पडते. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील २०७ बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. तेथील खोल्या जेमतेम १६० चौरस फुटांच्या. वरळीत पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांचे वाटप ऑगस्ट २०२५ मध्ये झाले. रहिवाशांना मोठे, स्वतंत्र शौचालयाचे घर मिळते आहे, याचा आनंदच आहे. पण शंभर वर्षे टिकलेली तीन मजल्यांची बुटकी रेषा त्याबरोबर क्षितिजावरून पुसली जात आहे, आणि नव्या मनोऱ्याच्या जाहिरातीतील छायाचित्रात ती असणार नाही. हौशी छायाचित्रकाराने आपल्या गच्चीवरून, रेल्वेच्या पुलावरून वा नाक्यावरून टिपलेले, तारीख, जागा आणि दिशा लिहून ठेवलेले साधे छायाचित्र उद्या या शहराचा दस्तऐवज ठरू शकते. त्यात आकाशाइतकीच जमीनही असावी, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.