किती मावतें, आणि किती वेळांत सांपडतें?

घरच्या संगणकासाठीं हार्ड डिस्क घ्यावयास निघालेला गृहस्थ दुकानांत पाऊल टाकतांच पहिला प्रश्न विचारतो तो "हिच्यांत किती मावतें?" हाच. दुकानदारहि त्याच मापानें किंमत सांगतो. कणगी किंवा पिंप घेतांना हा प्रश्न रास्त ठरेल. परंतु हार्ड डिस्कचा वंश ज्या यंत्रापासून सुरू झाला, तें सांठविण्याच्या विवंचनेंतून जन्मलेंच नव्हतें. तें जन्मलें शोधण्याच्या विवंचनेंतून. हा जन्मवृत्तांत ठाऊक नसल्यामुळें पुष्कळांचा पैसा भलत्याच ठिकाणीं खर्च होतो, आणि केव्हां केव्हां पैशाहून मोलाची वस्तु हातची जाते.

१९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मोठ्या कचेऱ्या आपले हिशेब छिद्रें पाडलेल्या पत्रांवर अथवा चुंबकीय फितीवर ठेवीत असत. फितीवर जागा भरपूर. पण मधलें एखादें टिपण हवें असलें, तर सारी फीत उलगडीत तेथवर जावें लागे. हजार पानांची खातेवही पहिल्या पानापासून चाळल्याखेरीज एकाहि कुळाचें खातें पाहतां येऊं नये, तसाच हा प्रकार. कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेंत रेनल्ड जॉन्सन यांच्या हाताखालील मंडळींनीं यावर जी तोड काढली, ती फिरत्या तबकड्यांची. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई जशी हव्या त्या जागीं टेकवितां येते, तशीच ही कल्पना. चुंबकत्व धरून ठेवणारा लोखंडी रंग तलम पायमोज्यांतून गाळून घ्यावयाचा, कागदी पेल्यानें फिरत्या तबकडीच्या मध्यावर ओतावयाचा, आणि तिच्या वेगानेंच तो कडेपर्यंत सारखा पसरूं द्यावयाचा, अशा घरगुती युक्तीनें प्रारंभींच्या तबकड्या तयार झाल्या.

१९५६ सालीं हें यंत्र 'रॅमॅक' या नांवानें बाहेर आलें. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकाच दांड्यावर ओंवलेल्या होत्या. त्या मिनिटास १२०० फेरे घेत, आणि एक बाहू खालींवर जाऊन हव्या त्या दोन तबकड्यांच्या फटींत शिरे. वजन टनाहून अधिक, आणि मावत असत अवघीं पन्नास लाख अक्षरें. आजच्या मोबाइलवरील एक-दोन छायाचित्रांनींच ती जागा भरून जाईल. तरीहि ग्राहकांस तें यंत्र हवेंसें वाटलें. कारण कोणतेंहि टिपण सरासरी सुमारें सहा-दशांश सेकंदांत हातीं येई.

पुढें १९७३ सालीं त्याच कंपनीनें 'विंचेस्टर' या टोपणनांवाची रचना आणली. तींत तबकड्या व त्यांवर तरंगणारीं वाचन-शीर्षें एकाच बंद पेटींत असल्यानें धुळीचा उपद्रव टळला. १९८० सालीं अॅलन शुगार्ट यांच्या नव्या कंपनीनें सव्वापांच इंची तबकड्यांची लहान पेटी विक्रीस काढली: धारणशक्ति ५ मेगाबाइट, किंमत १५०० डॉलर. तीन वर्षांनीं आय.बी.एम.चा 'एक्स.टी.' संगणक १० मेगाबाइटची हार्ड डिस्क पोटांत घेऊनच आला. तेव्हांच्या ३६० किलोबाइटच्या अठ्ठावीस फ्लॉपी तींत रिचवितां येत. संगणक मेजावरून हलविण्यापूर्वीं एक लहानशी आज्ञा देऊन वाचन-शीर्षें रिकाम्या जागीं नेऊन ठेवावीं लागत. हें विसरून यंत्र हलविलें आणि धक्का बसला, तर शीर्ष तबकडीवर आदळून मजकुराची वाट लागे.

त्या एक्स.टी.ची तबकडी मिनिटास ३६०० फेरे घेई. आज मेजावरील संगणकाची तबकडी ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. बाहूस योग्य जागीं जाण्यास तेव्हां सेकंदाचा सुमारें बारावा भाग लागे. आज आठ-नऊ सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे वेग फार तर दसपट वाढला. धारणशक्ति मात्र १० मेगाबाइटवरून २० टेराबाइटवर, म्हणजे वीस लाख पटींनीं वाढली! या वाढीमागें शास्त्रज्ञांचे मोठे श्रम आहेत. आल्बेर फेर आणि पेटर ग्र्यूनबर्ग यांनीं १९८८ सालीं ज्या चुंबकीय परिणामाचा शोध लावला, तो १९९७ पासून तबकड्यांच्या वाचन-शीर्षांत वापरण्यांत आला, आणि २००७ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु अक्षरें बारीक करणें निराळें आणि धातूचा बाहू पळविणें निराळें. कोठार अवाढव्य झालें, आणि दार होतें तेवढेंच राहिलें.

ही कोंडी फुटली ती बाहूच काढून टाकल्यानें. जपानच्या तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांच्या 'फ्लॅश' स्मृतीचा 'नँड' हा प्रकार १९८७ सालीं शास्त्रज्ञांपुढें आला. तिच्यापासून बनलेल्या एस.एस.डी.मध्यें फिरणारें, सरकणारें कांहींच नसतें. टिपण सेकंदाच्या दहा-हजारांशाच्या आसपास सांपडतें. संथ झालेल्या जुन्या संगणकांत ती बसवितांच तो हुशार झालेला दिसतो, याचें कारण एवढेंच. मात्र तिचीं घरें पुनःपुन्हां पुसल्यानें झिजतात, आणि वीज न देतां दीर्घ काळ ठेवल्यास त्यांतील भार हळूहळू गळूं शकतो. म्हणून रोजच्या कामासाठीं लहानशी एस.एस.डी. आणि मोठ्या संग्रहासाठीं फिरती तबकडी, ही वांटणी अद्यापि शहाणपणाची आहे.

फिरती तबकडी घेतांनाहि केवळ आंकडा पाहून भागत नाहीं. कांहीं तबकड्यांत लेखनाचे पट्टे छपरावरील कौलांप्रमाणें एकमेकांवर चढविलेले असतात. त्यामुळें जागा वाढते, पण एक पट्टा बदलावयाचा तर शेजारचेहि पुन्हां लिहावे लागतात. ही गोष्ट वेष्टनावर न सांगतांच अशा तबकड्या विकल्या जात असल्याचें २०२० सालीं उघडकीस आलें, तेव्हां ग्राहकांत बराच गहजब झाला. तो अनाठायीं म्हणतां येणार नाहीं.

आतां उरला तो मरणाचा प्रश्न. गूगलच्या संशोधकांनीं एक लाखाहून अधिक तबकड्यांची पाहणी करून २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. तबकडी स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तींतील चार खुणांवर त्यांची मुख्य भिस्त होती. पण बंद पडलेल्या तबकड्यांपैकीं निम्म्याहून अधिकांत त्यांपैकीं एकहि खूण उमटलेली नव्हती. लग्नाचीं छायाचित्रें आणि गेलेल्या वडिलांचा आवाज ज्या घरांत एकाच मोठ्या तबकडीवर आहेत, तेथें कसलीहि सूचना न मिळतां एके सकाळीं सारें नाहींसें होऊं शकतें. तेवढ्याच पैशांत बेताच्या दोन तबकड्या घेऊन दुसरी प्रत वेगळ्या घरीं ठेवतां येते. दुकानांतल्या त्या पहिल्या प्रश्नांत या दुसरीचा हिशेब येत नाहीं.

कॅलिफोर्नियांतील माउंटन व्ह्यू येथें संगणकाच्या इतिहासाचें जें संग्रहालय आहे, तेथें एक जुना रॅमॅक पुन्हां चालता करण्यांत आला आहे. त्याच्या तबकड्यांवरील कित्येक दशकांपूर्वींचा मजकूर वाचतां आला. त्यासाठीं स्वयंसेवक अभियंत्यांची एक तुकडी वर्षानुवर्षें खपत होती.