रातांब्याची साल

१५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात भारतातल्या औषधी वनस्पतींबरोबर एक आंबट फळही भेटतं. पोर्तुगीजांनी त्याला ‘ब्रिंदाँव’ म्हटलं. गोव्यात ते भिरंड, कोकणात रातांबा. त्याची साल रंगाऱ्यांना लागते आणि व्हिनेगर करायला पोर्तुगालला जाते, असं ओर्ता सांगतो. स्वतः वैद्य, पण इथे नोंद केली ती रंगाची आणि आंबटाची!

कोकणात सालीचा कारभार बायकांच्या हाती. एप्रिल-मेमध्ये रातांबे फोडायचे, बिया गरासकट काढून मीठ लावायचं, सुटलेल्या रसात साली बुडवून उन्हात टाकायच्या. वाळल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. पुटं चढतील तसं आमसूल काळंभोर आणि मऊ होतं. मध्येच वळवाची सर आली तर केलेलं सगळं मुसळ केरात. बियाही फुकट जात नाहीत. त्या कुटून पाण्यात उकळल्या की वर येणारं तेल गार होऊन घट्ट होतं. भेगाळलेल्या टाचांना तेच लावतात.

या आंबटाचं नाव कळायला मात्र १९६५ उजाडावं लागलं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी रातांब्याच्या केरळी भावंडातलं, म्हणजे कुडमपुळीतलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक असल्याचं दाखवलं. तोवर ते टार्टारिक किंवा सायट्रिक समजलं जाई. रातांब्यातही तेच सापडलं. सालीचा लाल रंग अँथोसायनिनचा, शिवाय तिच्यात गार्सिनॉल हे पिवळं द्रव्य, दोन्ही अँटिऑक्सिडंट. पण अँथोसायनिन पाण्यात उतरतं, गार्सिनॉल जवळजवळ नाहीच. तेव्हा गार्सिनॉलचे गुण गात सरबत विकणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आम्लाचंही तेच झालं. शरीरात चरबी घडवणाऱ्या एका विकराला ते अडवतं म्हटल्यावर अमेरिकेत बारीक करणाऱ्या गोळ्यांचं पेव फुटलं. १९९८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात १३५ जणांवरची बारा आठवड्यांची चाचणी छापून आली: गोळी घेणारे आणि नकली गोळी घेणारे, वजनात म्हणण्यासारखा फरक नाही. गोळ्या खपतच राहिल्या.

कोकणातल्या शेतकऱ्याची अडचण निराळीच होती. रातांब्यात नर-मादी झाडं वेगळी. बी लावून कितीतरी वर्षं वाढवलेलं झाड फुलल्यावर नर निघे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कलमांचं तंत्र बसवलं, १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात दिली, आणि लावतानाच झाड मादी असल्याची खात्री मिळू लागली.