सीजीएम म्हणजे काय? अंगावरचा सेन्सर आहाराबद्दल काय सांगतो आणि काय नाही

एकाच प्रकारचे पोहे खाऊन एकाची साखर थोडीच हलते, तर दुसऱ्याची झपाट्याने चढते. हा फरक कॅलरी मोजणाऱ्या अॅपमध्ये दिसत नाही. तो थेट शरीरातून मोजायचं काम अंगावर लावायचे रासायनिक सेन्सर करतात.

सीजीएम कसं काम करतं?

सीजीएम म्हणजे सतत ग्लुकोज मोजणारं उपकरण. दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवतात आणि तिची बारीक, लवचिक तार त्वचेखाली काही मिलिमीटर जाते. तारेवर बहुधा ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. ग्लुकोजशी त्याची अभिक्रिया झाली की सूक्ष्म विद्युतप्रवाह मिळतो. जितकं ग्लुकोज जास्त, तितका प्रवाह जास्त. या प्रवाहावरून काढलेला आकडा मोबाईलवर दिसतो.

एन्झाइम आणि इलेक्ट्रोड एकत्र वापरायची कल्पना लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डेक्सकॉमच्या 'स्टेलो'ला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी दिली, पण फक्त १८ वर्षांवरील आणि इन्सुलिन न घेणाऱ्यांसाठी.

आकडा वाचताना हे लक्षात ठेवा

- सेन्सर रक्तातली नाही, तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे जेवणानंतर आकडा काही मिनिटं मागे असतो.
- त्याच दंडावर झोपलात तर दाबामुळे साखर खोटीच कमी दिसू शकते.
- व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसमुळे काही सेन्सर साखर जास्त दाखवतात.
- त्रास होतोय पण आकडा नॉर्मल आहे? बोटातून रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर तपासा.

घामातून जीवनसत्त्वं कळतील का?

कॅलटेकमधल्या वेई गाओ यांच्या गटाने २०२२ मध्ये घामातली अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वं मोजणारा सेन्सर दाखवला. त्यात हव्या त्या रेणूभोवती पॉलिमर घडवतात आणि मग रेणू काढून घेतात. मागे त्याच्याच आकाराची खाच उरते आणि घामातला तसाच रेणू तिथे बसतो. अडचण अशी की घाम किती येतो त्यावर त्यातलं प्रमाण बदलतं. म्हणून घामातल्या आकड्यावरून रक्तातलं प्रमाण ठरवणं सोपं नाही.

मग घ्यायचं का?

इन्सुलिन घेणाऱ्यांना साखर उतरू लागल्याचा इशारा वेळेत मिळतो, हा सीजीएमचा मोठा फायदा आहे. पण ते पाहतं फक्त ग्लुकोज. तेलामुळे साखर हळू चढते, म्हणून तळलेल्या वड्याचा ग्राफ साध्या भातापेक्षा सपाट दिसू शकतो. याचा अर्थ वडा जास्त पौष्टिक असा होत नाही. मीठ, चरबी, प्रथिनं यांचा हिशोब तुम्हालाच ठेवावा लागतो.

आणि त्वचेला न टोचता साखर मोजणारं घड्याळ किंवा अंगठी कोणी विकत असेल तर सावध राहा. अशा उपकरणांबद्दल एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये इशारा दिला होता. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवला तर जिवावर बेतू शकतं.